बासची काठी, मरळीचे तळे आणि सहस्रधारा

रंगपंचमीच्या गेरीचा, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचा, रंग राजवाड्याच्या दगडांवरून अजून पुरता उतरला नव्हता, तेव्हाच आम्ही इंदूरहून खंडवा रस्त्याला लागलो. बरोबर माझा मामेभाऊ होता. तो टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो आणि तिथल्या हौशी मासेमारांप्रमाणे त्यालाही बास या एकाच माशाचे वेड आहे. मोठ्या तोंडाचा बास हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा. माळव्यातल्या तळ्यांत किंवा नर्मदेत तो सापडत नाही. तरीही दादाच्या बॅगेत कपडे कमी आणि बासचे सामान जास्त होते. दबा धरून भक्ष्यावर झडप घालणारा मासा कोणत्याही देशातला असो, त्याला हेच सामान चालते, असा त्याचा दावा होता. आमच्या तळ्यांतल्या मरळ या शिकारी माशापुरते हे खरे ठरेल, वाहत्या नर्मदेत मात्र ठरणार नाही, असे माझे म्हणणे होते. आधी तळे आणि मग नदी, हा क्रम आम्ही त्यासाठीच ठरवला.

पहिला दिवस : सिमरोलच्या पुढचे तळे

सिमरोल सोडल्यावर मुख्य रस्त्यावरून आत वळले की गव्हाच्या शेतांमधून एक कच्चा रस्ता तळ्यापर्यंत जातो. मार्चचा मध्य असल्यामुळे गहू पिवळा पडला होता, काही ठिकाणी कापणी चालू होती आणि बांधावरचे पळस फुलांनी पेटले होते. सकाळी अंगावर स्वेटर लागत होता. अकरा वाजता तोच कमरेला बांधावा लागला.

हे तळे गावच्या मच्छीमार समितीकडे ठेक्याने आहे. मध्य प्रदेशातील बहुतेक गावतळी अशीच पंचायतीकडून समित्यांना दिलेली असतात, त्यामुळे पाणी मोकळे दिसले म्हणून काठी काढून बसणे योग्य नाही. आदल्या आठवड्यात समितीच्या अध्यक्षांशी फोनवर बोलून दर ठरवून घेतला होता, म्हणून राखणदाराने आम्हाला चहा पाजला. नाही तर त्यानेच हाकलून दिले असते. दुसरी लक्षात ठेवण्याची गोष्ट म्हणजे 16 जून ते 15 ऑगस्ट हा राज्यातला बंदीचा काळ. माशांच्या प्रजननाचे हे दिवस असल्यामुळे त्या काळात गळ टाकता येत नाही.

तळ्याचा निम्मा भाग कमळाच्या पानांनी आणि शेवाळाने झाकलेला होता. दादाने पाण्याकडे नुसते पाहिले आणि काठी जोडायला बसला. काठी सात फुटांची, मधली जाड आणि टोकाला थोडी लवचीक. तिच्यावर बेटकास्टर रीळ आणि रिळावर पन्नास पौंडी विणलेली दोरी. आमच्याकडे पुष्कळ जण साध्या स्पिनिंग रिळावर नायलॉनचा तंगूस भरतात. तो ताणला जातो, आणि पानांखाली घुसलेली मरळ ओढताना हा ताणच नडतो, कारण झटका गळापर्यंत पोहोचेपर्यंत मासा देठांना दोन वेढे घालून मोकळा होतो. विणलेली दोरी जवळजवळ ताणत नाही आणि कमळाचे देठही कापत येते. बेटकास्टरची अडचण वेगळी आहे. फेकताना त्याचे चाक स्वतः फिरते. आमिष पाण्यावर आदळून थांबले आणि चाक फिरतच राहिले, तर दोरीचा असा गुंता होतो की तो सोडवण्यात अर्धी सकाळ जाते. त्यासाठी रिळाच्या बाजूला चुंबकाचा ब्रेक असतो. तरी खरा ब्रेक म्हणजे अंगठा. आमिष पाण्याला टेकण्याच्या क्षणी अंगठ्याने चाक दाबायचे, हे हाताला वळण लागल्याशिवाय जमत नाही. घरी गच्चीवर गळाऐवजी नुसते शिसे बांधून सराव केलेला बरा.

दादाने लावलेले आमिष म्हणजे आतून पोकळ, मऊ रबराचा बेडूक होता. मी तो हातात घेऊन पाहिला. पोटाखाली काहीच नाही. मागच्या बाजूने दोन गळ वर येऊन पाठीला असे चिकटलेले असतात की बोट फिरवले तरी टोक लागत नाही. म्हणूनच तो कमळाच्या पानांवरून अडकल्याशिवाय सरकतो. माशाने तोंडात धरून दाबला की रबर चेपते आणि दोन्ही टोके उघडी पडतात. बास शेवाळाखाली दडून बसतो म्हणून अमेरिकेत हा बेडूक चालतो, आणि मरळही तशीच दडून बसते.

मरळीची एक गोष्ट बासमध्ये नाही. ती पाण्यातल्या प्राणवायूवर भागवत नाही. तिला मधूनमधून वर येऊन हवा घ्यावीच लागते. राखणदार बांधावर उकिडवा बसून हेच पाहत होता. पानांच्या फटीत पचकन् आवाज होऊन एक लहानसे वलय उठले की तो नुसती हनुवटी हलवून दिशा दाखवी. त्या वलयावर बेडूक टाकायचा नसतो; चार-पाच हात पलीकडे टाकून हळूहळू त्या जागेवरून आणायचा असतो. दादाने तसे केले. पहिल्या ओढीत काही झाले नाही. पुढच्या वेळी बेडूक एका पानावरून दुसऱ्यावर उतरत असताना पाणी फुटले आणि बेडूक नाहीसा झाला. इथे झटका लगेच द्यायचा नाही. मासा खाली वळेपर्यंत मनात दोन आकडे मोजायचे, दोरी ताठ झाली की मग काठी उचलायची. दादाने तेवढा धीर धरला आणि दीडेक किलोची मरळ शेवाळाच्या झुबक्यासह बांधापाशी आली.

तिला उचलायला दादा वाकला आणि सवयीने त्याचा अंगठा तिच्या तोंडाकडे गेला, तसा राखणदार जोरात ओरडला. बासला खालच्या ओठात अंगठा घालून उचलतात; त्याचे दात सँडपेपरसारखे खरखरीत असतात, त्याने फार तर कातडी सोलवटते. मरळीच्या जबड्यात सुळे असतात. राखणदाराने ओल्या फडक्याने तिला कल्ल्यांच्या मागे धरले, पक्कडीने गळ काढला आणि डोळ्यानेच विचारले, ठेवायची की सोडायची? तळ्यातले मासे समितीचे असल्याने निर्णय त्याचाच होता. त्याने ती ठेवली. पावसाळ्यात मात्र हेच लोक मरळीच्या एका विशिष्ट जोडीला हात लावत नाहीत. पाण्यावर लालसर पिलांचा पुंजका दिसला की खाली आई-बाप राखणीला असतात, आणि त्यांना काढले तर पुंजका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो. बाहेरून येणाऱ्या हौशी लोकांनीही एवढे पाळावे, कारण राखण करणारी मरळ बेडकावर भुकेने नव्हे, रागाने धावते आणि सहज सापडते.

दुपारी वारा सुटला आणि वलये दिसेनाशी झाली. बांधावरच्या आंब्याखाली आम्ही डबे उघडले. जिरावण मसाला भुरभुरलेले पोहे दुपारपर्यंत सुकतात, पण वर शेव घातली की खपून जातात. राखणदाराने विचारले, तुमचा तो बास मोठ्यात मोठा केवढा होतो? दादाला हा विषय हवाच होता. जागतिक विक्रम 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे साधारण दहा किलोंचा, जॉर्ज पेरी याने 1932 साली जॉर्जिया राज्यात केलेला. 2009 साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता याने त्याहून किंचित जड मासा धरला, तरी नियमाप्रमाणे विक्रम मोडायला किमान दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून दोघांचा विक्रम बरोबरीचा मानला जातो. राखणदाराने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘‘दहा किलो? इतना तो हमारा कटला हो जाता है।’’ दादाने पुढे टेक्सासच्या लेक फोर्कमधला 1992 चा 18 पौंडांचा राज्यविक्रम सांगायचा बेत रद्द केला.

मुक्काम चोरलला होता. रस्त्याकडेच्या एका ढाब्यावर दाल-पानिये मिळाले. मक्याच्या पिठाचे जाड पानिये पळसाच्या पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजतात. पानाच्या शिरा त्यांवर उमटलेल्या असतात आणि तूप त्या रेघांतून खाली उतरते. इंदूरच्या दाल-बाफल्यांपेक्षा मला ते अधिक आवडले, हे इंदुरात सांगण्यासारखे मत नाही.

दुसरा दिवस : बडवाह आणि महेश्वर

घाट उतरला की माळवा संपून निमाड सुरू होतो, आणि हवाच ते सांगते. बडवाहला पोहोचेपर्यंत गाडीच्या काचा वर करून पंखा लावावा लागला.

चोरल नदी बडवाहपाशी नर्मदेला मिळते. याच भागात वनविभागाने महाशीरच्या कृत्रिम प्रजननाचे काम हाती घेतले. इथले मच्छीमार या माशाला बाडस म्हणतात. 2011 साली मध्य प्रदेशाने त्याला राज्यमाशाचा मान दिला, पण तोवर नर्मदेतली त्याची संख्या फार घटली होती. कारण समजायला अवघड नाही. बाडसला वाहते, खडकाळ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते आणि पावसाळ्यात अंडी घालायला तो प्रवाहाविरुद्ध वर जातो. बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि खाली गुजरातेत सरदार सरोवर, अशी धरणे झाल्यावर नदीचे लांबच लांब पट्टे साठलेले पाणी झाले; तिथे कटला-रोहू सुखाने राहतात, बाडस राहत नाही. वाळूउपसा आणि लहान डोळ्यांची जाळी यांनी उरलेले काम केले.

दादाने यावर टेक्सासचा अनुभव सांगितला, आणि तो मला या प्रवासातला सर्वांत उपयोगी भाग वाटला. तिथल्या वन्यजीव खात्याने 1986 पासून अशी योजना चालवली आहे की कोणी 13 पौंडांचा किंवा त्याहून मोठा बास धरला तर तो जिवंत खात्याच्या हवाली करायचा. त्याच्यापासून केंद्रात पिल्ले तयार होतात आणि ती पुन्हा तलावांत सोडली जातात. म्हणजे हौशी मासेमार हाच प्रजनन केंद्राचा पुरवठादार होतो. धरलेला मासा परत सोडण्याची रीतसुद्धा तिथे आपोआप आली नाही. रे स्कॉट यांनी 1968 च्या सुमारास बास मासेमारांची संघटना उभी केली आणि 1972 पासून आपल्या स्पर्धांमध्ये मासे जिवंत सोडण्याचा आग्रह धरला; त्यापूर्वी तिथेही माळेत ओवलेल्या मेलेल्या माशांबरोबर फोटो काढत असत. आपल्याकडे गळवाले आणि वनविभाग यांची गाठ पडते ती बहुधा दंडाच्या पावतीपुरती.

मंडलेश्वरवरून महेश्वरला पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. अहिल्याबाईंच्या घाटावर फुटाण्यांच्या पुड्या विकणाऱ्या बायका बसलेल्या होत्या आणि पायऱ्यांपाशी मासे पाण्याला उकळी आणत होते. त्यांत हातभर लांबीचे मासे स्पष्ट दिसत होते. दादाचे डोळे विस्फारले, पण घाटावर गळ टाकायचा नाही हे सांगायला पाटी लागत नाही. कोणी टाकला तर नावाडीच त्याला उठवतील.

तिथेच पायरीवर परिक्रमेला निघालेल्या एक आजी पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या. आमचे मराठी ऐकून त्यांनी ‘नर्मदे हर’ केले आणि गाव विचारले. त्या सांगलीकडच्या होत्या. तळपायाला चिकटपट्ट्या, शेजारी कमंडलू आणि गुंडाळलेली सतरंजी. काठ्यांच्या पिशवीकडे बोट करून त्यांनी ते काय आहे ते विचारले, आणि दादाने धरून सोडून देण्याची सगळी पद्धत त्यांना समजावून सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकली.

‘‘म्हणजे खायचा पण नाही?’’

‘‘नाही आजी, परत सोडायचा.’’

‘‘मग त्याला बोलावता कशाला रे उगाच?’’

दादाकडे उत्तर नव्हते आणि मी त्याच्या मदतीला गेलो नाही. त्यांनी आमच्याकडून फुटाण्यांची एक पुडी मात्र हक्काने घेतली आणि सगळी माशांना घातली.

तिसरा दिवस : सहस्रधारा

महेश्वरच्या खाली जलकोटीजवळ नर्मदा काळ्या बेसॉल्टच्या पाटावरून असंख्य धारांनी फुटून जाते. या पांढऱ्या पाण्यात कनू स्लॅलमच्या, म्हणजे वेगवान प्रवाहातून होडी वल्हवण्याच्या, राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धा झालेल्या आहेत, यावरून प्रवाहाचा जोर लक्षात यावा. आमच्याबरोबर परवाना असलेले एक केवट काका होते, वय साठीच्या पुढचे, आणि बोलणे अगदी मोजके. पहाटे साडेपाचला आम्ही त्यांच्या नावेत बसलो, तेव्हा वाळूतल्या कलिंगडाच्या वाड्यांत कोणी तरी टॉर्च घेऊन कोल्हे हाकत होते.

दादाने क्रँकबेट लावून सुरुवात केली. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या या माशाला पुढे जीभ असते. ओढला की तो डुबी मारून थरथरतो. तळ्याच्या मऊ तळावर ते ठीक आहे. बेसॉल्टच्या भेगांत तो असा रुतला की दोरी तोडावी लागली, आणि पुढचाही त्याच वाटेने गेला. काका काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून एक चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचे धातूचे आमिष, काढला. रुपेरी, घासून एका कडेला पितळी दिसणारा. त्याला मूळचा तिहेरी गळ नव्हता. तो काढून त्यांनी एकच मोठा गळ बसवला होता आणि त्याची अणी, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा, कानशीने घासून टाकली होती. एकेरी गळ खडकात कमी अडकतो आणि अणी नसली की मासा सोडताना तोंड फाटत नाही. शिवाय बाडसच्या जबड्यात दात नसले तरी घशात असतात आणि त्यांच्या दाबाने हलका तिहेरी गळ सरळ वाकतो, त्यामुळे गळ जाड तारेचाच लागतो. चमच्याच्या वर भोवरी, म्हणजे गोल फिरणारी कडी, हवीच, नाही तर तो फिरून फिरून दोरीला पीळ देतो.

फेकण्याची जागाही काकांनीच दाखवली. धार जिथे खडकावरून पडून फेसाळते तिथे नव्हे, तर तिच्या कडेला जिथे वेगाचे आणि संथ पाणी एकमेकांना घासते त्या रेषेवर. मासा संथ पाण्यात उभा राहतो, शक्ती वाचवतो आणि वेगाच्या पाण्यातून काय वाहत येते ते पाहतो. दादा म्हणाला, बासही झाडाच्या ओंडक्यामागे हेच करतो. दोघांचे त्या दिवशीचे हे पहिले एकमत.

सूर्य वर आल्यावर पाणी आतून उजळले. चमचा रेषेवरून आडवा येत असताना त्याच्या मागे तळातून एक सावली सुटली आणि वर आली. हिरवट पाठ, मोठाले खवले, कडेला सोनेरी झाक आणि लालसर पर. नावेपासून दोन काठ्यांच्या अंतरावर तो बाडस चमच्याच्या मागोमाग चालला. दादाने ओढण्याचा वेग वाढवला, मग थांबवला. माशाने चमच्याला जवळजवळ नाक लावले आणि वळून निघून गेला. काका म्हणाले, ‘‘देख लिया उसने।’’ नंतर त्या जागी काही हालचाल झाली नाही. इकडे येणाऱ्यांनी बाडस हातात येईल असा हिशेब धरून येऊ नये. दिसला तरी सकाळ सार्थकी लागली असे मला वाटते.

दहाच्या सुमारास काकांनी एका ओल्या खडकाकडे पाहिले आणि नाव काठाला लावली. खडकावरची ओलीची रेघ पाण्याखाली गेली होती. वरच्या धरणांतून वीजनिर्मितीसाठी पाणी सुटले की नदी कसलाही गाजावाजा न करता चढते. 2005 च्या एप्रिलमध्ये भुतडी अमावास्येच्या यात्रेत नर्मदेकाठच्या धाराजीला असेच पाणी अचानक वाढून पन्नासहून अधिक यात्रेकरू बुडाले होते, आणि ती अमावास्या आता जवळच आली होती. प्रवाहामधल्या खडकावर उभे राहून गळ टाकण्याचा मोह सहस्रधारेत फार होतो. स्थानिक माणूस बरोबर नसेल तर काठ सोडू नये, आणि असेल तर तो उठ म्हणाला की सामान आवरत बसू नये.

दुपारी काकांच्या घरी जेवलो. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि रोहूचा रस्सा. लसूण आणि निमाडी लाल मिरची पाट्यावर वाटलेली. काकूंनी दादाला विचारून तिखट कमी केले होते असे त्या म्हणाल्या. त्याने त्यावर दोन तांबे ताक रिचवले.

संध्याकाळी पाणी उतरल्यावर धारांच्या खालच्या डोहात गेलो, आणि इथे दादाच्या सामानाने आपली बाजू राखली. त्याने रबरी गांडूळ काढले. हे मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ 1949 साली निक क्रीम याने ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये तयार केले आणि बासच्या मासेमारीत त्याने क्रांती केली. ते लावायची टेक्सासी पद्धत अशी : आधी दोरीत गोळीच्या आकाराचे शिसे ओवायचे, मग वाकड्या मानेचा गळ बांधायचा, तो गांडुळाच्या डोक्यातून बाहेर काढायचा आणि टोक पुन्हा त्याच्याच अंगात लपवायचे. टोक बाहेर नसल्यामुळे ते दगड-काटक्यांतून न अडकता सरकते. दादाने ते डोहाच्या तळाशी पोहोचू दिले, काठीचे टोक दोन विती उचलले, पुन्हा खाली सोडले. अंधार पडता पडता दोरीला दोन टिचक्या बसल्या आणि लांब मिशांचा एक शिंगाळा वर आला. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही कडांचा काटा करवतीच्या दात्यांचा असतो. काकांनी काट्यांच्या मागून तळहात घालून त्याला धरले, गळ काढला आणि गांडूळ बॅटरीच्या उजेडात उलटसुलट करून पाहिले.

चौथा दिवस : जाम गेटमार्गे परत

परतीला मंडलेश्वरहून जाम गेटचा घाट घेतला. वरून निमाड धुरकट दिसत होता आणि घाटमाथ्यावर पुन्हा गार वारा लागला. महूला कचोरी खाल्ली. बाकी रस्ता सांगण्यासारखा नाही.

सामानाबद्दल आमचे असे ठरले. तळ्यासाठी बेटकास्टर, जाड विणलेली दोरी आणि बेडूक, यात काही बदल नको. नदीच्या डोहाला टेक्सासी पद्धतीचे गांडूळ, शिसे मात्र बासला लावतात त्याहून जड. धारेत क्रँकबेट नेऊच नये. तिथे स्पिनिंग रीळ, लांब काठी आणि चमचा. रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी सुटू देणारा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाईवर ठेवावा, पूर्ण आवळू नये. लांब तोंडाची पक्कड, ओले फडके आणि तुटलेली दोरी भरायला एक डबी बरोबर हवी, कारण विणलेली दोरी कुजत नाही आणि पाणकावळ्यांच्या पायांत अडकते.

निघताना दादाने काकांना उरलेले क्रँकबेट देऊ केले होते. त्यांनी ते परत केले, गांडुळांचे पाकीट ठेवून घेतले, आणि पुढच्या वेळी येताना वीस ग्रॅमचे रुपेरी चमचे आणायला सांगितले. तिहेरी गळ काढलेले.